वाटेचं पान

हे कोणी खरं मानणार नाही, मला ठाऊक आहे. माझी बायको विमलाबाई पन्नास वर्षांत माझं एक वाक्य धड मानत आली नाही, तर तुम्ही कशाला मानाल? तरी सांगतो. माझ्या पणजोबानं भर लग्नात वाघाला पान वाढलं होतं, आणि वाघ मांडी घालून जेवून गेला होता. मांडी नाही म्हणा, वाघाला मांडी येत नाही. पुढचे पाय जोडून बसला होता. यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझ्या मिशीचा उजवा आकडा कापून न्या. डावा मिळणार नाही.

वाघाचं मागून येईल. आधी नातीचं लग्न.

गेल्या वैशाखात माझ्या नातीचं, खुशीचं, लग्न झालं. आमचं गाव मध्य प्रदेशात, बैहरच्या रस्त्यावर, घाट चढायच्या आधी. पण लग्न बालाघाट शहरात, गोंदिया रोडच्या एका लॉनवर. लॉन म्हणजे गवत असेल असं मला वाटलं होतं. गवत नव्हतं, हिरवी सतरंजी होती. नवरदेव चिन्मय गुणी पोरगा. त्यांचं घराणं शहरातलं, तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. घरात मराठी बोलतात, भांडतात हिंदीत.

आमच्या घरात एक रीत आहे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, पहिलं पान वाटेचं. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसानं रस्त्यावर जायचं, जो पहिला दिसेल त्याला हात जोडून घेऊन यायचं, पळसाच्या पत्रावळीवर बसवायचं आणि पोटभर वाढायचं. तो जेवून हात धुवेपर्यंत त्याचं नाव विचारायचं नाही. गाव नाही, काम नाही, काही नाही. हात धुतल्यावर त्यानं आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, नाही तर पान-सुपारी देऊन वाटेला लावायचं. तो उठल्याशिवाय घरच्यांनी तोंडात कण घालायचा नाही. आणि मध्येच कोणी नाव विचारलं तर पान बाद. वयस्क माणूस पुन्हा रस्त्यावर.

ही रीत घातली माझ्या पणजोबानं, गुणाकरनं.

(इथे विमलाबाई खोकते. 'माझा पणजोबा' म्हटलं की तिला नेमका खोकला येतो. दोन डॉक्टरांना दाखवलं. घसा साफ आहे म्हणाले.)

गुणाकर मूळचा पवनीकडचा. मोठ्या दुष्काळाच्या साली तिकडून निघाला आणि वैनगंगेच्या उलट अंगानं वर आला. रस्त्यानं नाही, थेट नदीतून. नदीत पाणीच नव्हतं. पात्रात मगरी ओळीनं पडल्या होत्या. त्यांच्या पोटात काही नव्हतं, पण गुणाकरच्या अंगावरही काही नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि शेपट्या आवरून वाट दिली. असा सात दिवस चालला. सातव्या दिवशी घाटाखाली एका गोंड बाईच्या अंगणात येऊन पडला. तिनं पानाच्या द्रोणात कोदोची पेज ओतून पुढे ठेवली. गुणाकर आब राखणारा माणूस. म्हणाला, "माय, मी अमक्या गावचा, अमक्याचा लेक..." बाई म्हणाली, "आधी पी. नाव कुठं पळून चाललं?"

तिला मराठी येत नव्हती आणि त्याला गोंडी येत नव्हती. तरी तिचं वाक्य मला पाठ आहे. कसं, ते विचारू नका.

तिनं त्याला ठेवून घेतलं, जंगलाच्या कडेला जमीन दाखवली. दोन वर्षांत गुणाकरकडे धान झालं. पहिल्या धानाचा भात शिजला तेव्हा तो उठून रस्त्यावर गेला आणि पहिला दिसेल त्याला घेऊन आला. तेव्हापासून आजपर्यंत एकही पान चुकलं नाही. कर्फ्यूत चुकलं नाही, पुरात चुकलं नाही. लॉकडाऊनमध्ये घरी बारसं होतं तर मी दंडुका घेऊन उभ्या असलेल्या शिपायालाच आणून बसवला.

नाव का विचारायचं नाही, हे मी पोरांना असं सांगतो: नाव विचारलं की आडनाव येतं. आडनाव आलं की जात येते. आणि जात आली की पान थोडं इकडे, थोडं तिकडे सरकायला लागतं. आमच्या घरात पान सरकत नाही.

हे सगळं सोयरीक ठरवतानाच मी बैठकीत सांगितलं होतं. "आमच्याकडे पहिलं पान वाटेचं असते," असं म्हटलं होतं. वरपक्षाकडून चिन्मयची आत्या, कालिंदीताई, म्हणाली होती, "अवश्य. चांगली प्रथा आहे." तिला वाटलं, देवापुढच्या नैवेद्याचं पान असेल. कोपऱ्यात ठेवायचं आणि वर फूल टाकायचं. मला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई. दोघंही खूश होऊन उठलो.

आता कालिंदीताईबद्दल. तीस वर्षं कचेरीत काढून निवृत्त झालेली. नवरदेवाला आई नाही, या आत्यानंच वाढवला. फाईलमध्ये नसलेली गोष्ट जगात घडतच नाही, अशी तिची खात्री. लग्नाची पण फाईल होती. किती वाजता अक्षता, किती वाजता जेवण, गेटवर कोण, सगळं लिहिलेलं. आणि खरं सांगतो, लग्न झालं पण तसंच. बाराच्या मुहूर्ताला बाराच वाजले होते. आमच्या गावात असं कधी झालं नाही.

अक्षता पडल्या. लांब टेबलांवर भांडी उघडली. चिन्नोरच्या भाताचा वास सुटला. आमच्या गावचे दीडशे लोक हातात ताटल्या घेऊन रांगेत लागले. मी पिशवीतून पत्रावळ काढली, पहिल्या टेबलासमोर सतरंजीवर पाणी शिंपडलं आणि अंथरली.

लॉनचा मॅनेजर धावत आला. "दादाजी, ये क्या? लाइन रुक जाएगी."

"रुकने दो बेटा. हमारे यहाँ अभी खाना चालू नहीं हुआ."

त्याच्यामागून फाईल काखेत धरून कालिंदीताई आली. "नथ्थूजी, हे काय?"

"वाटेचं पान."

"ते देवापुढे ठेवायचं ना? तिकडे चौरंग आहे."

"देव जेवला सकायी. हे रस्त्यावरच्या मानसाचं."

"कोणत्या माणसाचं?"

"ते अजून ठरलं नाही. आता आनाले चाललो."

तिनं काखेतली फाईल हातात घेतली. हे वाईट लक्षण. म्हणाली, "नथ्थूजी, माफ करा. हे होणार नाही. मागच्या वर्षी नागपूरला माझ्या भाचीच्या लग्नात असाच एक अनोळखी माणूस जेवून गेला. जाताना माझी पर्स घेऊन गेला. त्यात माझ्या आईची पोत होती. आई जाऊन महिना पण झाला नव्हता."

हे सांगताना तिचा आवाज जरासा हलला. मी थट्टेखोर माणूस आहे, पण हलकट नाही. मी मिशी खाली केली.

"ताई, वाईट झालं. पण तो सुटाबुटात आला असन?"

"सफारीत."

"मंग? तो ओळखीचा वाटला म्हनून कोनी पाह्यलं नाही त्याच्याकडे. आमचा पाहुना आमी हात धरून आनतो अन् सगळ्यायच्या मधात बसवतो. चारशे डोळे त्याच्या घासावर. इतक्यात चोरी सोडा, तो दुसऱ्यांदा वरन मागाले लाजते."

मागे कोणीतरी हसलं. कालिंदीताई हसली नाही. "गेटवर सांगून ठेवलंय. पत्रिका नसलेला माणूस आत येणार नाही. विषय संपला."

"हौ," मी म्हणालो. "मंग नवरीकडचं मानूस जेवनार नाही. विषय संपला."

आणि पत्रावळीशेजारी बसलो. गुडघे कडकड वाजले ते पण लोकांनी ऐकलं.

पुढं जे झालं ते करायला मी कोणाला सांगितलं नव्हतं. रांगेत सगळ्यांत पुढे माझा मुलगा राजू होता, नवरीचा बाप. बिचारा पंधरा दिवस वरपक्षासमोर हात जोडून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि हातातली ताटली गड्डीवर परत ठेवली. खट्. त्याच्यामागच्यानं ठेवली. खट्. मग सगळी रांग. दीडशे ताटल्या. बँडवाल्याला वाटलं काही वाजवायचं आहे, त्यानं ढोल उचलला.

स्टेजवरून खुशी ओरडली, "आबा, मी पण नाही जेवत!" सकाळपासून पोरगी उपाशी होती. चिन्मयनं हळूच हातातली बर्फी खिशात घातली.

"आत्या," तो म्हणाला, "पाँच मिनट की तो बात है. मान जाओ ना."

"तू गप्प बस. शेरवानीच्या खिशात बर्फी घालतात का?"

पण उपाशी वऱ्हाड ही फार मोठी ताकद आहे. वरपक्षाचे लोक पण आता घड्याळ पाहू लागले होते. कालिंदीताईनं ओठ घट्ट मिटले. "ठीक आहे. एक माणूस. आणि मी समोर बसणार."

मी रस्त्यावर गेलो. वैशाखातली दुपार, साडेबारा. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डांबराला चपला चिकटत होत्या. लॉनच्या भिंतीच्या सावलीत एक ऑटो उभा होता आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते. मी पायांना नमस्कार केला.

"चला, जेवाले चला."

पाय आत गेले, डोकं बाहेर आलं. "कहाँ जाना है?"

"जाना नहीं है. खाना है."

"किसका?"

"आपका."

त्यानं मला खालून वर पाहिलं. फेटा, मिशी, अंगावर अत्तर. त्याला वाटलं म्हातारा सकाळपासूनच घेऊन बसलाय. पण भाताचा वास भिंतीवरून येत होता. उठला.

गेटवरचा माणूस आडवा आला, तर मी त्याला म्हटलं, "तूच चल मंग." तो बाजूला झाला.

ऑटोवाल्यानं सतरंजीच्या कडेला चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. पत्रावळीपुढे बसला. भाताला हात जोडले. भात पडला, पुरी पडली, वांग्याची भाजी पडली. त्यानं भातात खड्डा केला आणि वाढणाऱ्याला म्हणाला, "जरा वरन टाका ना, भाऊ."

वरन!

दाल नाही म्हणाला. वरन म्हणाला. आता तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर यात काय ते तुम्हाला कळणार नाही. आम्ही बालाघाटचे मराठी लोक. दुकानात हिंदी, शाळेत हिंदी, कोर्टात हिंदी. त्यात कोणी अनोळखी माणूस अचानक 'वरन' म्हणाला की आमच्या छातीत काहीतरी उडी मारतं आणि तोंडातून एकच प्रश्न बाहेर पडतो. त्याला इलाज नाही.

समोर खुर्चीवर बसलेल्या कालिंदीताईचा चेहरा उजळला. पहिल्यांदा. पुढं वाकून म्हणाली, "अहो, मराठी का तुम्ही? आडनाव काय आपलं? मूळचे कुठले?"

आमच्या दीडशे लोकांनी एकदम श्वास घेतला. मी म्हणालो, "बोलू नको!" पण तोही मराठीच. त्याच्याही छातीत उडी पडली होती.

"मी फकिरा, बाई. तिरोड्याकडचा. तुमी?"

घास हातातच. पान बाद.

"असं कसं बाद?" कालिंदीताई उभी राहिली. "मी सहज विचारलं!"

"सहजच विचारत असते सगळे," मी म्हणालो.

फकिराला उठवावं लागलं. "म्या काय केलं?" तो विचारत होता. त्याला समजावलं, भाऊ, तू आता ओळखीचा झाला. ओळखीच्या मानसाले आमच्यात थांबावं लागते. तू पाहुना. आमच्यासंगच जेवजो. तो राजूशेजारी जाऊन बसला आणि राजूइतकाच उपाशी दिसू लागला. "एक घास तं खाऊ द्यायचा होता," असं पाच मिनिटं पुटपुटत होता.

आता बघा, माणूस स्वतः चुकला की जास्त रागावतो. कालिंदीताईचे कान लाल झाले. मी दुसरी पत्रावळ काढली तशी ती समोर येऊन उभी राहिली.

"पुरे झालं, नथ्थूजी. हे थोतांड आहे. शंभर वर्षं रस्त्यावरच्या लोकांना जेवू घातलंत. त्यातला एक तरी परत आला? एकाचा तरी तुमच्या घराला काही उपयोग झाला? जेवले आणि गेले. कोणाचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. तुमच्या पणजोबांनी एका भल्या बाईचं ऋण फेडलं, उत्तम. पण ते त्यांच्याबरोबर संपलं. आता नुसती हट्टाची पत्रावळ उरली आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हट्टाची तं हट्टाची," मी म्हणालो. "हट्ट हाय म्हनून तं टिकली. भल्या मनानं सुरू केलेल्या गोष्टी लय असतात, ताई. हट्ट नसला का दुसऱ्या पिढीत चुलीत जातात."

"बरं. मग एक माणूस दाखवा. एकच. या पानावर जेवलेला, जिवंत, आणि तुमच्या घराच्या काही कामी आलेला. दाखवलात तर मी स्वतः या उन्हात रस्त्यावर जाईन, माणूस आणीन, आणि तोंड शिवून बसेन. नाही दाखवलात तर पत्रावळ उचलायची आणि लोकांना जेवू द्यायचं. आणि माझ्या चिन्मयच्या घरात ही रीत येणार नाही. खुशीनं पुढं चालवायची नाही. मंजूर?"

खुशी स्टेजवरून उतरून आली होती. माझ्याकडे पाहत होती. लहानपणी तीच माझं बोट धरून रस्त्यावर यायची, "आबा, हा? आबा, तो?" म्हणत. तिचं पहिलं पान तिच्याच नव्या घरात मांडायचं, असं तिनं मला कितीदा सांगितलं होतं.

"मंजूर," मी म्हणालो. "एक काहून? दहा दाखवतो."

आणि मी वाघाचं सांगितलं.

गुणाकरच्या लेकीचं लग्न. गुणाकर रस्त्यावर उभा. सकाळ गेली, दुपार गेली, रस्त्यावर कोणी नाही. तेवढ्यात साजाच्या झाडाखालून वाघ निघाला. रीत काय म्हणते? 'जो पहिला दिसेल.' माणूसच पाहिजे असं कुठं म्हटलंय? गुणाकरनं हात जोडले. "चला जेवाले." वाघ विचारात पडला. त्याला आजवर कोणी बोलावलं नव्हतं, तो आपला आपणच जात असे. आला मागे मागे. मांडवात आला तसं सगळं वऱ्हाड झाडावर. नवरदेव सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर. त्या घराण्याला आम्ही अजून 'शेंड्यावरचे' म्हणतो. वाघ पानावर बसला. भात हुंगला, वांग्याला नाक मुरडलं, बुंदी खाल्ली. जेवण झाल्यावर पंजा पुढं केला. गुणाकरनं लोट्यानं पाणी घातलं. आता हात धुतले, म्हणजे नाव सांगायची वेळ. वाघ मांडवाच्या दारात गेला, मागे वळला आणि एकदाच आपलं नाव सांगितलं. तीन कोसांवर ऐकू गेलं. त्या दिवसापासून आमच्या गावचं एक वासरू वाघानं नेलं नाही. बिबट्यानं नेली, पण बिबट्याला आम्ही कधी जेवायला बोलावलं नव्हतं.

लोक पोट धरून हसत होते. भुकेनं आणि हसण्यानं, दोन्हीनं.

"वाघ जिवंत आहे?" कालिंदीताईनं विचारलं.

"तो नाही. त्याचा नातू कान्हाच्या जंगलात हाय. आमच्या गावची गाडी दिसली का मान हालवते."

"माणूस, नथ्थूजी."

मग मी विहिरीवाल्याचं सांगितलं. तो जेवून उठला, अंगणात लोळला, उजवा कान जमिनीला लावला आणि म्हणाला, इथं खणा. तिथं असं पाणी लागलं की पहिल्या बादलीत मासा आला, तो पण तळलेला...

"तो कुठं आहे आता?"

"विहीर हाय."

"माणूस?"

"मानूस... मानूस गेला."

लोकांचं हसणं कमी होत गेलं. मला ते ऐकू आलं. थट्टेखोर माणसाला हसण्याची उतरती पायरी लगेच कळते. राजूनं मान खाली घातली. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. त्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि बोलायचं नव्हतं, अशी त्यांची तोंडं होती.

खरं सांगतो, उत्तर मला पण ठाऊक होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण ते बाहेर काढायचं म्हणजे दुसरं काहीतरी हातचं सोडावं लागलं असतं, आणि ते मी आयुष्यभर छातीशी धरून फिरलो होतो. लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं मी ते, माझ्या नावाच्या वर. माणूस म्हातारा झाला की त्याला दातांपेक्षा अशा गोष्टींची जास्त काळजी असते.

"आबा," खुशी हळूच म्हणाली. "सांगा ना कोणाचं तरी. खरं वालं."

"थांब जरा."

कालिंदीताई वाकली आणि पत्रावळीची एक कड तिनं धरली. रागानं नाही, हळूच. तेच जास्त लागलं.

"उचलू?"

मी छाती काढली. मिशीचे दोन्ही आकडे वर केले. आवाज असा काढला की बँडवाल्यानं परत ढोल उचलला. "खबरदार! हे पान माह्या पनजोबानं मांडलं. या अंगात गुनाकरचं रक्त हाय, सख्खं, थेट! त्या रक्ताची आन घेऊन सांगतो..."

विमलाबाई खोकली.

मी थांबलो नाही. "त्या रक्ताची आन घेऊन..."

ती पुन्हा खोकली. मग खुर्चीच्या हाताला धरून उठली. सत्तर वर्षांची बाई, सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. पदर खोचला आणि सगळ्या लॉनला ऐकू जाईल असं म्हणाली:

"खोटं!"

कालिंदीताईच्या हातातून पत्रावळीची कड सुटली.

"खोटं बोलून राह्यला हा मानूस! गुनाकर यांचा कसा पनजोबा? गुनाकर माहा पनजोबा. यांचा असता तं मी यांची बहीन नसती झाली का?"

"अवं, विमला..." मी म्हणालो.

"तुमी गप्प राहा. पन्नास वर्सं ऐकलं म्या. घरजावई झाला तं झाला, त्यात लाजाले काय झालं?" मग ती कालिंदीताईकडे वळली. "ताई, तुमाले जिता मानूस पाह्यजे होता ना? या पानावरचा? हा पाहा. माह्या बहिनीच्या, शांताबाईच्या, लग्नात माह्या बाबानं बैहरच्या रस्त्यावरून हात धरून आनला होता. बांबूच्या ट्रकातून उतरून झाडाखाली बसून होता, पायात चप्पल नाही, तीन दिवसाचा उपाशी. आमी नाव विचारलं नाही. वरन म्याच वाढलं. जेवला, हात धुतले, नाव सांगतलं नथ्थू. अन् मंग रीतीनं काय करायचं असते? पान-सुपारी घ्याची अन् वाटेले लागायचं. हा तं गेलाच नाही!"